रिसीव्हर खरखरतोय? भंगारात देण्याआधी हे करा

अंजनवेलच्या एका भगिनीचं पत्र आहे. मरहूम सासऱ्यांनी कुवेतहून आणलेला स्टिरिओ रिसीव्हर आणि कॅसेट डेक घरात आहे. नोकरीवर असताना ते पत्राऐवजी कॅसेटमध्ये आवाज भरून पाठवत. आज त्या कॅसेटी लावल्या की खरखरीत अर्धे शब्द बुडतात. मुलं म्हणतात, भंगारात द्या. काय करावं?

आम्ही म्हणू, घाई करू नका. वाशिष्ठीच्या मुखावरच्या तुमच्या गावात वाऱ्याबरोबर मिठाचे कण घरात येतात. हवेतला दमटपणा 75 टक्क्यांच्या वर गेला की मीठ ओल ओढून घेतं. तो ओलसर थर धुळीसह बटणांच्या आणि स्विचच्या जोडांवर बसतो, धातू गंजतो, वीज तुटक वाहते. तीच खरखर. बऱ्याचदा सेट बिघडलेला नसतो, मळलेला असतो.

खरखर नेमकी कुठली, ते आधी ओळखा.

आवाजाचं बटण फिरवतानाच कर्रकर्र होत असेल, तर दोष त्या बटणात. प्लग काढून प्रत्येक बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा, खटकेही तितकेच दाबा. बराच फरक पडतो.

फक्त रेडिओवर खरखर असेल आणि कॅसेटवर नसेल, तर एरिअल पाहा. घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर एकेक बंद करून ऐका. एफएमवर नुसतं सूंऽऽ येत असेल, तर मोनोचं बटण दाबा.

फक्त कॅसेटवर असेल, तर डेकचं हेड कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. वाळल्यावरच कॅसेट घाला.

एकाच बाजूला असेल, तर सेट बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी रिसीव्हरच्या मागे अदलाबदल करा. खरखर दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली तर दोष रिसीव्हरमध्ये किंवा त्याच्या मागे. त्याच स्पीकरमध्ये राहिली तर स्पीकरमध्ये किंवा वायरीत.

आवाज शून्यावर नेला तरी खरखर किंवा घुंऽऽ चालूच असेल, तर ते काम मेकॅनिकचं. आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवतात. झाकण उघडून मुलांना हात घालू देऊ नका. मेकॅनिकला बटणांत कॉन्टॅक्ट क्लिनर मारायला सांगा. खोबरेल किंवा मशीनचं तेल मुळीच नको. त्यावर धूळ आणखी चिकटते.

आखातातून आलेल्या सेटच्या मागे बऱ्याचदा व्होल्टेजचा खटका असतो. तो 110 किंवा 120 वर असेल, तर आपल्या 230 व्होल्टवर सेट जळेल. आधी 220-240 वर आहे का, पाहा.

आता कॅसेटींचं. त्यांच्यासाठी रिसीव्हर दुरुस्त होण्याची वाट पाहायची गरज नाही. डेकच्या मागे 'लाइन आउट' असतं. तिथून वायर थेट कॉम्प्युटरच्या 'लाइन इन'ला जोडा आणि रेकॉर्ड करा. रिसीव्हर मध्ये येतच नाही, म्हणून त्याच्या बटणांची खरखर रेकॉर्डिंगमध्ये उतरत नाही. आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावा. डेक फीत गिळत नाही ना, याची खात्री झाली की मगच सासऱ्यांची कॅसेट घाला. रेकॉर्डिंगच्या दोन प्रती करून दोन वेगळ्या घरांत ठेवा.

रिसीव्हरचं काय करायचं, ते मग निवांत ठरवा.