हजेरीपटावर न आलेले संगणक

इंदूरच्या एका वाचकभगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. त्या तेथील एका मराठी शिक्षणसंस्थेच्या कार्यकारी मंडळावर आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेतील तीसही संगणक सुटीत एका मध्यवर्ती सर्व्हरवरून नव्याने सिद्ध करावयाचे ठरले होते. प्रत्यक्षात सर्व्हरच्या यादीत अकराच संगणक उमटले. उरलेल्या एकोणिसांची त्याने दखलच घेतली नाही. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी नवा सर्व्हर घेण्याचा सल्ला दिला आहे, प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली आहे, आणि पैसा लोकांच्या वर्गणीतून उभा करावयाचा आहे. वर्गणीचा पैसा कसा जमतो हे परमुलखात संस्था चालविणाऱ्यांना सांगावयास नको. म्हणून आम्ही या वेळची सर्व जागा या एका प्रश्नाला दिली आहे.

आमचे मत आरंभीच सांगतो. ज्या सर्व्हरने अकरा यंत्रे ओळखली, त्याला मोडीत काढण्याची घाई करू नये.

या पद्धतीची कल्पना साधी आहे. पेणचा मूर्तिकार एका साच्यातून अनेक गणपती काढतो, त्याप्रमाणे एक संगणक मनाजोगता सजवावयाचा, त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रतिमा सर्व्हरवर ठेवावयाची आणि तीच इतरांवर उतरवावयाची. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या आणि १९९८ साली सिमॅन्टेक कंपनीने विकत घेतलेल्या ‘घोस्ट’ने हा प्रकार लोकप्रिय केला. आज पुष्कळ शाळा ‘फॉग’ नावाची विनामूल्य प्रणाली वापरतात. आमच्या वाचकभगिनींच्या शाळेतही तीच आहे.

आता ओळख पटते कशी, ते पाहू. सर्व्हर होऊन कोणालाही शोधीत नाही. हाक संगणकाने मारावयाची असते. संगणक सुरू होताच त्याचे नेटवर्क कार्ड एक दवंडी पिटते, ‘मला कोणी पत्ता देईल काय?’ डीएचसीपी नावाची सेवा त्याला पत्ता देते आणि सोबत दोन गोष्टी सांगते: कोणत्या सर्व्हरकडे जावयाचे आणि तेथे कोणती फाइल मागावयाची. संगणक ती फाइल टीएफटीपी या मार्गाने आणतो आणि तिच्या आधारे एक छोटी कार्यप्रणाली उभी राहते. मगच सर्व्हर त्याच्या कार्डाचा बारा अक्षरांचा मॅक क्रमांक आपल्या वहीशी ताडून पाहतो. इंटेलने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पीएक्सई नियमावलीवर हा व्यवहार आजही चालतो. हजेरी अगदी शेवटी होते, हे येथे ध्यानात घ्यावे. पोर वाटेतच अडकले, तर गुरुजींच्या दृष्टीला दोष देऊन काय उपयोग?

म्हणून पहिली तपासणी सर्व्हरच्या खोलीत नव्हे, न दिसणाऱ्या संगणकाच्या पडद्यासमोर करावी. तेथे क्षणभर एक ओळ झळकते. ती हातातल्या मोबाइलने टिपून घ्यावी; डोळ्यांना ती सापडत नाही.

त्या ओळीत ई-५१ असेल (नव्या यंत्रांवर बहुधा ई-१६), तर दवंडीला कोणी उत्तरच दिले नाही. केबल पाहावी. दवंडी गावच्या वेशीपर्यंतच ऐकू जाते. सर्व्हर नेटवर्कच्या दुसऱ्या भागात असेल, तर ती पुढे पोचविणारा निरोप्या राउटरवर नेमावा लागतो. केबल ठीक, वेस एकच, विंडोज सुरू झाल्यावर जोडणीही उत्तम, आणि तरीही ही ओळ येत असेल, तर संशय स्विचवर धरावा. तारांचे वेटोळे तर झाले नाही ना, याची खात्री करून घेण्यासाठी काही स्विच नव्याने जोडलेल्या तारेला सुमारे तीस सेकंद ताटकळत ठेवतात. तेवढ्यात संगणक हाका मारून थकतो. याची परीक्षा स्वस्तात होते: भिंतीवरची तार आणि संगणक यांच्यामध्ये बाजारातला साधा पाच खणांचा स्विच जोडावा. तेवढ्याने काम झाले, तर मुख्य स्विचवर ‘पोर्टफास्ट’ ही सोय चालू करून घ्यावी. नवा सर्व्हर आणून हा दोष जाणार नाही.

ई-५३ असेल, तर पत्ता मिळाला, पण फाइलचे नाव कोणी सांगितले नाही. शाळांतून याचे कारण बहुधा कार्यालयाच्या कोपऱ्यात सापडते. कोणीतरी वाय-फायसाठी एक राउटर आणून लावलेला असतो आणि तोही पत्ते वाटीत बसतो. एका घरात दोन कारभारी झाले की जो आधी बोलेल त्याचे चालते. म्हणूनच तोच संगणक सकाळी दिसतो आणि दुपारी दिसत नाही. राउटरवरील पत्तेवाटप बंद करावे.

ई-३२ म्हणजे फाइल मागितली, पण आली नाही. येथे मात्र सर्व्हरकडे वळावे: टीएफटीपीची सेवा चालू आहे काय, आणि फायरवॉलने ६९ क्रमांकाचे दार लावून घेतले आहे काय?

आमच्या वाचकभगिनींच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेले आहे. न दिसणारे बहुतेक संगणक नंतरच्या खरेदीतले आहेत, असे त्या लिहितात. आम्हांला हे वाक्य सर्वांत मोलाचे वाटते. जुनी यंत्रे बायोस पद्धतीने सुरू होतात, नवी यूईएफआय पद्धतीने, आणि दोघांना लागणारी फाइल वेगळी असते. डीएचसीपीत जुन्यांची ‘अनडायओन्ली’ एवढेच नाव लिहिले असेल, तर नवे यंत्र ती फाइल घेते, नाकारते आणि गुपचूप विंडोजकडे वळते. त्यांना ‘एसएनपीओन्ली’ किंवा ‘आयपीएक्सई’ची ईएफआय फाइल द्यावी. यंत्र कोणत्या जातीचे आहे हे दवंडीतच ९३ क्रमांकाच्या नोंदीत सांगितलेले असते. ती पाहून योग्य फाइल देणारा नियम डीएचसीपीत लिहिता येतो. नव्या यंत्रांवर सिक्युअर बूट चालू असेल, तर मान्य स्वाक्षरी नसलेली फाइल ते घेणार नाहीत. तेवढ्या कामापुरते ते बंद करावे. तत्पूर्वी बिटलॉकर लावलेले असल्यास त्याची किल्ली जपून ठेवावी.

एका तिढ्याचा उल्लेख येथेच करून ठेवतो. बारीक लॅपटॉपांना तारेचे भोक नसते, म्हणून यूएसबीचे एकच जोडयंत्र आळीपाळीने लावले जाते. मॅक क्रमांक त्या जोडयंत्राचा असतो. त्यामुळे दहा लॅपटॉप सर्व्हरच्या वहीत एकाच नावाने येतात. अशी नोंद प्रत्येक वेळी काढून टाकावी. मदरबोर्ड बदललेल्या जुन्या संगणकाची गत याच्या उलट होते. तो परका ठरतो आणि त्याची नोंद नव्याने करावी लागते.

सर्व संगणक हजर झाले, तरी मूळ प्रतिमा घेताना एक अडथळा येतो. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तीमुळे संगणक बंद केला, तरी तो अर्धवट निजलेला असतो आणि अशा डिस्कची प्रतिमा घेण्यास फॉग नकार देते. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती सोय कायमची बंद करावी. घाई असेल, तर शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ निवडावे. तेवढ्या वेळेपुरता संगणक पूर्ण बंद होतो.