आधी पद जाते, मग विद्यार्थी

महाविद्यालयातला एखादा विषय बंद पडतो तेव्हा विद्यार्थीच मिळत नाहीत, हे कारण पुढे येते. तत्त्वज्ञान, संस्कृत, भूगर्भशास्त्र यांच्या बाबतीत ते इतक्या वेळा ऐकू येते की कुणी तपासूनही पाहत नाही. प्रत्यक्षात क्रम बरेचदा उलटा असतो. आधी प्राध्यापक निवृत्त होतात. पद भरायचे तर वित्त विभागाची मान्यता, आरक्षणाच्या बिंदुनामावलीची तपासणी, ना-हरकत प्रमाणपत्र, जाहिरात, निवड समिती या सगळ्यांत वर्षे जातात. तोवर विभाग तासिका तत्त्वावर चालतो आणि मोबदला मिळतो तो फक्त घेतलेल्या तासांचा. नेट-सेट झालेला, अनेकदा पीएच.डी. असलेला हा अध्यापक पोटासाठी दुसऱ्या गावच्या कॉलेजातही तास घेतो. एक तास संपला की त्याला एसटी गाठायची असते. हा विषय घेऊ की नको, अशा विचारात असलेल्या मुलीशी अर्धा तास बोलायला विभागात कुणी उरत नाही. काही वर्षांत प्रवेश घटतात, कार्यभार भरत नाही, आणि पद रद्द करायला तेच घटलेले प्रवेश पुरावा ठरतात.

संशोधनाचे हाल याहून वाईट. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.चा मार्गदर्शक कायम अध्यापकच असावा लागतो आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर त्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे एकच अध्यापक असलेल्या विभागात पद रिकामे होण्याआधीच नवे संशोधन थांबते. नव्या शैक्षणिक धोरणाने मुलांना दुसऱ्या शाखेतले विषय घेण्याची मुभा दिली, हे फार चांगले झाले; पण ते शिकवणारी माणसे नसतील तर ती मुभा माहितीपत्रकापुरतीच राहील.

कायम प्राध्यापकाचा पगार सरकारला जड जातो, हा आक्षेप खरा आहे. प्रत्येक कॉलेजात प्रत्येक छोट्या विषयाला पद देता येणार नाही, हेही मान्य. मग एका शहरातल्या तीन-चार कॉलेजांना मिळून एक पूर्णवेळ पद द्यावे. कायम झाले की शिकवणे सैल पडते, असेही म्हणतात. काही ठिकाणी पडतेही, पण त्यावर उपाय काटेकोर मूल्यमापनाचा आहे. काहींच्या कामचुकारपणाची शिक्षा पुढच्या सगळ्या विद्यार्थ्यांना कशासाठी? कंत्राटी अध्यापक एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, असे यूजीसीने २०१८ मध्येच सांगितले आहे.

निवृत्तीची तारीख अचानक कळत नाही. माणूस रुजू होतो तेव्हापासून त्याची जन्मतारीख सेवापुस्तकात असते. तेव्हा भरतीची प्रक्रिया निवृत्तीच्या किमान वर्षभर आधी सुरू करावी. आणि पद रिकामे असलेल्या वर्षांतले प्रवेश त्या पदाचा कार्यभार ठरवताना धरूच नयेत.