म्हातारपणाचे दोन दर

ओस्नाब्रुकच्या कारमान कारखान्यात १९४९ ते १९८० या काळात बांधलेली, कापडी टप मागे सारता येणारी फोक्सवॅगन बीटल आता दुर्मीळ वस्तूंत जमा झाली आहे. गंज खरवडून, पत्रा ठोकून, नवे कातडे चढवून ती विक्रीस निघते, तेव्हा तिचे वय हीच तिची किंमत असते. सुबक यंत्रावर मन जडणे हा काही गुन्हा नव्हे, आणि मोडीतून ते उभे करणाऱ्या मिस्त्रीला तर दाद दिलीच पाहिजे.

मात्र या गाडीची कुळकथा विक्रीच्या वेळी कोण सांगतो? १९३३ साली हिटलरने जर्मनीतील कामगार संघटना मोडून त्यांची मालमत्ता हडप केली. त्या लुटीच्या आधाराने ‘जनतेच्या मोटारी’चा कारखाना उभा राहिला. आठवड्याला पाच मार्क भरा आणि मोटार घ्या, अशी लालूच दाखवून सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांकडून पैसे घेतले गेले. एकाच्याही दारी मोटार पोहोचली नाही. युद्धात तो कारखाना लष्करासाठी राबला, आणि त्यात वेठबिगार जुंपले गेले. बीटल खरोखर सामान्यांची झाली ती हिटलर गेल्यानंतर. आज तीच धनिकांच्या संग्रहाची शोभा आहे.

या शोभेवर भारत सरकारचीही मर्जी आहे. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील मोटारीला ‘व्हिंटेज’ हा मान दिला. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि ती दहा वर्षे चालते. म्हणजे वर्षाला दोन हजार. पुनर्नोंदणीला अवघे ५,०००. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात काढलेल्या अधिसूचनेने पंधरा वर्षांवरील ट्रकच्या योग्यता प्रमाणपत्राचे शुल्क १,५०० वरून १२,५०० रुपयांवर नेले. एप्रिल २०२२ पासून ते लागू झाले, आणि हे प्रमाणपत्र जुन्या ट्रकला दरवर्षी घ्यावे लागते! मुंब्रा, महापे, कल्याण आणि पनवेलच्या वाटा जिथे मिळतात त्या शीळफाट्यावर, कोंडीत तासन्‌तास डिझेल जाळणाऱ्या एका ट्रकच्या मालक-चालकाला हा हिशेब कसा पटवून देणार?

व्हिंटेज मोटार रोजच्या वापरासाठी नसते, ट्रक रोज धूर ओकतो, असा बचाव केला जातो. धुराची गोष्ट खरी आहे, आणि तो धूर प्रथम चालकाच्याच छातीत जातो. पण मग जुने वाहन मोडीत काढणाऱ्याला नव्या वाहनाच्या करात जी सूट ठरवली, ती खासगी मोटारीला २५ टक्क्यांपर्यंत आणि पोटापाण्याच्या वाहनाला १५ टक्क्यांपर्यंतच का? मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीला वीस वर्षांची मुदत होती. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदलेली शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. तिचे वय कोणाला मोलाचे वाटले नाही. तिने वीस वर्षे उतारू वाहिले होते, एवढेच तिचे न्यून.

तपासणीची एवढी आस्था असलेल्या शासनाच्या डोळ्यांदेखत याच शीळफाट्यावर बेकायदा इमारत उभी राहिली आणि ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून ७४ जीव गेले.

मोटारींच्या षोकिनांनी आपला षोक खुशाल करावा. त्यांच्याकडून शुल्क दरसाल घ्यावे, ट्रकवाल्याइतके घ्यावे. आणि एकच वाहन असलेल्या चालकाला जुने मोडून नवे घेण्यासाठी सहकारी बँकेमार्फत बिनव्याजी कर्ज द्यावे. विधिमंडळात ही मागणी कोणता पक्ष मांडतो, ते आता दिसेलच.