साहेब, ह्यात काय लिवलंय?

सुट्टीच्या दिवशीचं रिमांड कोर्ट ज्यानं पाहिलं नाही, त्याला कोर्ट अर्धंच माहीत आहे. टायपिस्टांची टेबलं झाकलेली, बार रूमला कुलूप, चहावाल्याचा एक पोरगा तेवढा फिरत असतो. अशाच एका रविवारी विशीतला एक बंजारा मुलगा माझ्यासमोर आणून उभा केला. पाण्याच्या मोटारीच्या चोरीचा संशय. पोलिसांनी दिलेला कागद त्यानं चार घड्या घालून खिशात ठेवला होता. मी मागितल्यावर काढून दिला आणि विचारलं, "साहेब, ह्यात काय लिवलंय?"

'अटकेची कारणे मला समजली' या छापील ओळीखाली त्याची सही होती.

"सही कधी केलीस?"

"आत्ताच की. गाडीतून उतरताना."

तीस वर्षं लातूर जिल्ह्यात वकिली करतोय. वकिलांच्या मोबाइल ग्रुपवर रोज सकाळी एखादा 'ऐतिहासिक निकाल' येऊन पडतो, दहाजण त्याला अंगठा दाखवतात आणि तो शंभर पानांचा दस्त न उघडता राहतो. गेल्या दोन वर्षांत आमच्या धंद्यापुरते मोठे निकाल खरंच आले. सनद घेताना साडेसातशे रुपयांच्या वर नोंदणी शुल्क घेता येणार नाही, अनुसूचित जाती-जमातींना सव्वाशेच, हे जुलै २०२४ मध्ये ठरलं. न्यायाधीश व्हायला आधी तीन वर्षं वकिली हवी, हे मे २०२५ मध्ये. अशिलाच्या गुन्ह्यात तपास यंत्रणेनं वकिलालाच समन्स काढून बोलवायचं नाही, अपवाद सोडून, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये. तिन्ही निकालांवर बारमध्ये चहाचे कप रिकामे झाले, कारण तिन्ही आमच्याबद्दल होते.

त्यानंतर आठवड्याभरात, ६ नोव्हेंबर २०२५ ला जो निकाल आला तो अशिलाबद्दल होता. त्यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही.

मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र शासन. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन मसीह यांचा हा निकाल. गुन्हा कोणताही असो, कायदा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची आणि ती अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची. अगदीच शक्य नसेल तेव्हा आधी तोंडी सांगायची, पण मॅजिस्ट्रेटसमोर हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद त्याच्या हातात पडला पाहिजे. नाही पडला तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा.

प्रकरण होतं वरळीचं. जुलै २०२४, बीएमडब्ल्यू गाडी, स्कूटरवरची बाई ठार. त्या खटल्याचं काय व्हायचं ते होईल. मला त्यातली दुसरीच गंमत दिसते. लेखी कारणांचा हा रस्ता सुरू झाला तो २०२३ मध्ये पंकज बन्सल या बांधकाम व्यावसायिकाच्या, मनी लाँडरिंगच्या प्रकरणात. पुढं २०२४ मध्ये संपादक प्रबीर पुरकायस्थ, मग विहान कुमार, मग हे बीएमडब्ल्यूवालं प्रकरण. दिल्लीत मोठा वकील उभा करण्याची ज्यांची ऐपत, त्यांनी भांडून मिळवलेला हक्क आमच्या तांड्यावरच्या पोराला फुकटात मिळाला. मिळाला म्हणजे कागदावर. तो त्याच्यापर्यंत पोचवणं हे तालुक्याच्या वकिलाचं काम, आणि तिथंच घोडं पेंड खातं.

त्या रविवारच्या मुलाच्या कागदावर काय होतं? 'सदर इसमाचा नमूद गुन्ह्यात सहभाग निष्पन्न झाल्याने, मुद्देमाल हस्तगत करणे कामी व पुराव्यात छेडछाड होऊ नये म्हणून अटक करणे आवश्यक आहे.' हे मराठीच आहे, पण ती पोलीस ठाण्याची मराठी. मला समजते ती सवयीनं. माझ्या आईला तुम्ही 'निष्पन्न' म्हणजे काय विचारलंत तर ती एखाद्या औषधाचं नाव समजेल. शिवाय त्या वाक्यातल्या 'नमूद गुन्ह्या'च्या जागी मोटारीची चोरी, दारू, मारामारी, फसवणूक काहीही घाला, वाक्य हलत नाही. पुरकायस्थ निकालात न्यायालयानं नेमका हाच फरक सांगितला आहे: तपासासाठी अटक का लागते ही एक गोष्ट, ती कुणालाही लागू पडते, आणि याच माणसाला का धरलं ही दुसरी, ती त्याच्या एकट्याची. इंग्रजीत या दोन्हींना वेगळे शब्द आहेत. मराठीत आपण दोन्हींना 'कारणं' म्हणतो, आणि पहिलं लिहून दुसरं लिहिल्याचं समाधान मानलं जातं. मला विचाराल तर फॉर्मवर सरळ छापावं: 'तू काय केलंस असं आमचं म्हणणं आहे.'

बरं, समजेल ती भाषा कोणती? मुंबईत बसून हा प्रश्न सोपा वाटत असेल. उदगीर, देवणीच्या पलीकडं बीदर. औराद शहाजानी, कासार सिरसीच्या पट्ट्यात घराघरात कानडी. नांदेडकडे देगलूर, बिलोली, धर्माबादला तेलुगू. शहराच्या जुन्या वस्त्यांत दखनी. तांड्यावर गोरमाटी, जिला स्वतःची लिपी नाही. आणि ज्याला वाचताच येत नाही, त्याला कोणत्याही भाषेतला कागद म्हणजे नुसताच कागद. माझ्या मते अशा वेळी कागद वाचून दाखवणाऱ्याचं नाव आणि सही त्यावर हवी. तांड्यावरचा एखादा शिकलेला माणूस बोलावला तरी चालेल. निकालात इतकं बारीक लिहिलेलं नाही. ते खालच्या कोर्टांनी आणि आम्ही मिळून रुजवायचं आहे.

न समजणाऱ्या भाषेतलं कोर्ट काय असतं हे खरं तर मराठवाड्याइतकं कुणाला ठाऊक? निजामाच्या राज्यात कामकाज उर्दूत चालायचं. माझ्या सीनिअरांच्या कपाटात त्यांच्या वडिलांच्या काळातल्या उर्दू फायली होत्या. ते सांगायचे, पक्षकार निकाल ऐकून वकिलाच्या तोंडाकडं बघायचा, जिंकलो का हरलो ते ओळखायला. राज्य गेलं, तारीख, मुद्दत, जामीन, फिर्याद हे शब्द आपलेच होऊन राहिले. वकिलाच्या तोंडाकडं बघणं मात्र तसंच राहिलं.

आणि हा विचार सर्वोच्च न्यायालयालाही परवा सुचलेला नाही. नागपूरच्या हरिकिसन यांना स्थानबद्ध केलं तेव्हा कारणं इंग्रजीत दिली होती. त्यांनी हिंदीत मागितली, सरकारनं नाकारली. १९६२ मध्ये न्यायालयानं ती स्थानबद्धता रद्द केली. म्हणजे साठ वर्षं हे तत्त्व पुस्तकात होतं.

आता लोक विचारतात, अशा 'टेक्निकल' मुद्द्यावर चोर सुटणार का? माझा भाऊ शेतकरी आहे, त्याचीही मोटार गेलेली आहे, तोही हेच विचारतो. उत्तर असं की सुटत नाही. याच निकालात लिहिलंय की लेखी कारणं देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात आणि मॅजिस्ट्रेटनं शक्यतो आठवड्यात त्यावर ठरवायचं. माझ्या त्या रविवारी तेच झालं. न्यायाधीशांनी मुलाला जवळ बोलावलं, साध्या शब्दांत विचारलं, तुला का आणलंय सांग. त्याला सांगता आलं नाही. रोजनाम्यात नोंद झाली, संध्याकाळी तो घरी गेला. चार दिवसांनी पोलीस नवा कागद घेऊन आले. या वेळी मोटार कुणाच्या शेतातली, कुठं सापडली, याचं नाव कुणी घेतलं, सगळं होतं. मग मला भांडायला काहीतरी मिळालं, कारण नाव घेणाऱ्याचं आणि या मुलाचं जुनं वैर होतं. जामीन झाला. गुन्हा केला की नाही ते खटल्यात ठरेल.

पोलिसांना मी सगळा दोष देत नाही. अंमलदार एक, गुन्हे दहा, वर बंदोबस्त. पण आमचं काय? रिमांडला उभा राहिलेला वकील 'पीसीआरला', म्हणजे पोलीस कोठडीला, 'विरोध आहे' एवढं म्हणून खाली बसतो. कागद मागत नाही, त्यावरची वेळ बघत नाही, अशिलाला एक प्रश्न विचारत नाही. लोकअभिरक्षक कार्यालयातल्या तरुण वकिलांकडून मला जास्त आशा आहे. गरिबाचं रिमांड त्यांच्याकडंच येतं. वेळ लिहिण्याचा रकाना रिकामा असेल तर युक्तिवादाचं पहिलं वाक्य तेच असलं पाहिजे.

आणि वाचकहो, ही वेळ कुणावरही येते, भांडणात, अपघातात, भाऊबंदकीत. घरातल्या कुणाला धरून नेलं तर आरडाओरडा नंतर करा. आधी कागद मागा. समजल्याशिवाय सही करू नका म्हणून त्याला सांगा, आणि कागद हातात पडला तेव्हा किती वाजले होते ते लिहून ठेवा. मग आमच्याकडे या.