न खाकरता आलेला पाहुणा

वाड्यांच्या काळातली एक रीत आता फारशी कुणाच्या लक्षात नसेल. घरातला वडीलधारा पुरुष ओसरीवरून माजघराकडे वळला, की उंबरठ्याशी येऊन खाकरायचा. घशात काही अडकलेले नसे. 'मी येतो आहे, बोलणे आवरायचे असेल तर आवरा' एवढाच त्याचा अर्थ. त्या घरांत बायकांची किती घुसमट होत होती याचा मला विसर पडलेला नाही आणि ते दिवस परत यावेत असेही मला मुळीच वाटत नाही. पण ऐकणाऱ्याने आपण ऐकतो आहोत हे बोलणाऱ्याला कळू द्यावे, हा संकेत मोलाचा होता. खासगीपणा हा शब्द कुणी उच्चारत नव्हते, तरी घर तो पाळत होते.

आज आपल्या दिवाणखान्यात एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. फुलदाणी आणि टीव्ही यांच्या मधोमध ठेवलेला डबीएवढा गोल स्पीकर. 'अलेक्सा' म्हणून हाक मारली की तो ओ देतो. ॲमेझॉनने हे यंत्र अमेरिकेत २०१४ साली आणले, भारतात ते ऑक्टोबर २०१७ मध्ये आले, आणि पुढच्याच वर्षी गूगलचे तसेच यंत्र आपल्या बाजारात दाखल झाले. भीमसेनांचा अभंग लाव म्हटले की तो लावतो, कुकरच्या शिट्टीची वेळ सांभाळतो, पाऊस पडेल का तेही सांगतो. हा पाहुणा गुणी आहे यात शंका नाही. फक्त तो खाकरत नाही.

त्याच्यावर उगाच आळ घेऊ नये, म्हणून तो काय करतो ते आधी समजून घेऊ. हे यंत्र आपले सगळे बोलणे अष्टौप्रहर दूर कुठेतरी पाठवत असते, ही समजूत खरी नाही. त्याचा मायक्रोफोन सतत जागा असतो, पण तो वाट पाहत असतो ती ठरावीक हाकेची. ती ऐकू आली असे वाटले की दिवा लागतो आणि पुढचे बोलणे कंपनीच्या संगणकांकडे जाते. गोम आहे ती 'वाटले' या शब्दात. माणसाला भास होतात तसे यंत्रालाही होतात. मे २०१८ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथील एका जोडप्याचे घरातील लाकडी जमिनीविषयीचे बोलणे या यंत्राने परस्पर टिपून सिएटलमधील एका ओळखीच्या माणसाला पाठवून दिले. त्या भल्या माणसाने फोन करून कळवले, तेव्हा घरच्यांना पत्ता लागला. गप्पांतल्या कुठल्याशा शब्दाला यंत्राने आधी स्वतःची हाक, मग निरोप धाडण्याची आज्ञा आणि मग त्या माणसाचे नाव समजले, असा खुलासा कंपनीने केला. विषय जमिनीचा होता म्हणून निभावले. सुनेच्या माहेराचा किंवा मुलाच्या कर्जाचा असता तर?

दुसरी गोष्ट अशी, की ऐकणारे नेहमी यंत्रच असते असे नाही. यंत्राचे कान सुधारावेत म्हणून काही ध्वनिमुद्रणे माणसे ऐकतात, हे २०१९ साली वृत्तपत्रांतून उघड झाले. ॲमेझॉन, गूगल, ॲपल या तिघांचीही नावे त्यात होती. बेल्जियमच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने गूगलकडची हजाराहून अधिक ध्वनिमुद्रणे तपासली, त्यांतली १५३ हाक न मारताच टिपली गेलेली होती. त्यांत शयनगृहातील बोलणे होते, आईबापांचे मुलांशी बोलणे होते आणि कडाक्याची भांडणेही होती. एकूण ध्वनिमुद्रणांपैकी हजारात दोनच माणसे ऐकतात, असे गूगलने सांगितले. प्रमाण लहान खरे. पण त्या दोनांत आपण नाही हे कुणाला ठाऊक? ॲपलने त्याच वर्षी माफी मागितली आणि परवानगीशिवाय माणसांनी ऐकणे थांबवले.

मुलांचा प्रश्न आणखी नाजूक. पालकांनी सांगूनही मुलांच्या आवाजाची माहिती नीट पुसली नाही, ती वाजवीपेक्षा जास्त काळ ठेवून घेतली, या आरोपावरून ॲमेझॉनने २०२३ साली अमेरिकेत अडीच कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. आणि तिथल्या काही यंत्रांवर आवाज घरातच हाताळण्याची जी मुभा होती, तीही २८ मार्च २०२५ पासून बंद झाली.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. गंमत पाहा, त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत हे यंत्र आपल्या दारात आले. पुढे २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यांत मुख्य जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. माहिती घेण्याआधी संमती घ्या, १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची घ्या, असे हा कायदा बजावतो. चांगलेच आहे. पण एखाद्या व्यक्तीने निव्वळ घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्याच कायद्याने वगळला आहे. म्हणजे कंपनी आणि मी यांच्यामध्ये कायदा उभा राहील. माझ्या घरातली माणसे आणि मी यांच्यामध्ये कुणी नाही.

माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे. यंत्र सुरू करताना 'मान्य आहे' यावर बोट टेकवतो तो घरातला एकजण. बहुधा कमावता, बहुधा तरुण. ऐकले जातात मात्र सगळे. आजी, जी फोनवर बहिणीला गुडघ्याचे आणि सुनेचे एका दमात सांगते. आठवीतली मुलगी, जिला मैत्रिणीशी काही बोलायचे आहे. रात्री मुक्कामाला आलेले मावसभाऊ. आणि ओटा पुसता पुसता आपल्या नवऱ्याच्या दारूचे दुःख सांगणाऱ्या कामाच्या मावशी. यांतल्या कुणाला कुणी विचारले? मावशींना तर तो स्पीकर गाणी लावण्याचा आहे एवढेच ठाऊक असते. दुसऱ्याच्या वतीने होकार देण्याचा अधिकार आपण कधी मिळवला?

म्हणून यंत्र उचलून फेकून द्या, असे मी म्हणत नाही. दृष्टी गेलेल्या आजोबांना बातम्या लावता येतात, हात थरथरणाऱ्या आजींना गोळीची आठवण राहते, हे थोडे नाही. पण ते घरात ठेवणाऱ्याने थोडी जबाबदारी घ्यावी. निजायच्या खोलीत ते नको. बहुतेक यंत्रांवर मायक्रोफोन बंद करण्याचे बटण असते. गरज नसेल तेव्हा ते दाबून ठेवावे. फोनवरच्या त्याच्या ॲपमध्ये साठलेली ध्वनिमुद्रणे ऐकता आणि पुसता येतात. दिवाळीला माळे झाडतो तशी महिन्यातून एकदा तीही झाडावीत. आवाजावरून खरेदी होत असेल तर त्याला पिन लावावा.

आणि सर्वांत सोपे, पण सर्वांत विसरले जाणारे काम म्हणजे सांगणे. आजीला, मुलीला, मावसभावाला, मावशींना एकदा नीट सांगावे की हे यंत्र काय ऐकते आणि ते बंद कसे करायचे. ते बटण दाबण्याचा हक्क घरातल्या प्रत्येकाला असावा आणि कुणी ते दाबले तर 'का' असे विचारू नये. मनातले दुःख सांगायला आपल्या स्वयंपाकघराइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही, असा विश्वास ठेवून मावशी बोलतात. तो विश्वास राखायला कायद्याची मुदत संपेपर्यंत थांबायचे कारण नाही.