पाळीवरून नवेगावकडे

गोंदिया जिल्ह्यात सायकल घेऊन निघणाऱ्याने नकाशावर आधी पाणी पाहावं आणि रस्ते मग. आमच्याकडे रस्ता तलावाला विचारून वळलेला असतो. डोंगर संपतो तिथे पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या, बांध्यांच्या कडेला गाव आणि त्या गावातून पुढच्या गावाकडे निघालेला अरुंद डांबरी रस्ता. कामठ्यापासून थेट इटियाडोहापर्यंत ही मांडणी पुन्हा पुन्हा भेटते. मोटारीतून ती दिसत नाही, कारण पाळ बहुधा रस्त्यापेक्षा उंच असते आणि काचेतून फक्त गवताची भिंत सरकताना दिसते. सायकलवाला थांबतो, पाळीवर चढतो आणि पलीकडचं पाणी बघतो.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत एकट्याने, 12 दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यानंतर आमच्या भागातली तरुण मुलंही गिअरच्या सायकलींविषयी बोलू लागली. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 किलोमीटर 20 तासांत, असे ब्रेव्हेचे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकलफेऱ्यांचे, हिशेब आता चहाच्या टपरीवर ऐकू येतात. मला याचा फार आनंद आहे. मात्र यातले बरेच जण सरावाला राष्ट्रीय महामार्ग 53 धरतात, कारण तो गुळगुळीत आहे. त्या रस्त्यावर किलोमीटर भरतात, पण ट्रकच्या वाऱ्यात मान खाली घालून केलेल्या त्या प्रवासात आपला जिल्हा भेटत नाही. म्हणून आज थोडं वाटांविषयी लिहितो.

पहिली वाट अगदी घराजवळची. कामठा हे जुन्या जमीनदारीचं गाव. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची बाजू घेऊन 1818 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेले चिमणा पटेल इथलेच. बाहेरच्या भाविकांना गाव ठाऊक आहे ते लहरीबाबांच्या आश्रमामुळे. गावातून बाहेर पडलं की परसवाडा, झिलमिली, बिरसी असा फेरा घेता येतो. सगळा सपाट. एका बाजूला बिरसीची धावपट्टी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली, आणि दुसऱ्या बाजूला परसवाड्याचा तलाव. या टापूत सारस आहेत. महाराष्ट्रात हा पक्षी उरला आहे तो मुख्यतः गोंदियात आणि लगतच्या भंडाऱ्यात. उभा राहिला की पाच फुटांच्या वर जातो. घरटं धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या उथळ काठावर घालतो, बहुतेक दोन अंडी. घरट्यापुरता धानाचा तुकडा सोडून रोवणी करणारे शेतकरी आमच्याकडे आहेत आणि सारस टिकला आहे तो त्यांच्यामुळे. सायकल इथे फार उपयोगी पडते, कारण इंजिनाच्या आवाजाने बिचकणारी जोडी सायकलीला बऱ्यापैकी जवळ येऊ देते. पण धुऱ्यावर उतरून आणखी जवळ जाऊ नये. जोडी उडाली की अंडी उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात.

या फेऱ्यात कुणी ना कुणी हटकतंच. “कुठी चालले जी भाऊ?” असं विचारणाऱ्या म्हाताऱ्याला नुसतं “फिरायला” म्हणून पुढे जाऊ नये. थांबावं. सारस आज कोणत्या बोडीवर उतरला, कोणत्या पुलावरून पाणी गेलं, पुढचा रस्ता कुठे उखडला, हे त्याच्याइतकं कुठल्याही ॲपला माहीत नसतं.

दुसरी वाट पूर्वेची. आमगाव, मग सालेकसा, मग दरेकसा. सालेकशापर्यंत धानाची सपाटी आणि त्यापुढे मैकलच्या रांगा अंगावर येतात. हावड्याला जाणारी गाडी बोगद्यात शिरण्याच्या सुमारास खिडकीतून हाजरा धबधबा दिसतो, तो याच डोंगरात. चढ फार लांब नाहीत, पण सपाटीवर सवय झालेल्या पायांना पुरेसे आहेत. जवळच कचारगडच्या गुहा. माघ पौर्णिमेला इथे देशभरातून गोंड समाज जमतो, कारण गोंडी धर्माचे संस्थापक पारी कुपार लिंगो यांची ही भूमी. त्या दिवसांत सायकल घेऊन जायचं तर यात्रेकरू म्हणून जावं, हौशी प्रवासी म्हणून नव्हे. नक्षलग्रस्त तालुका म्हणून बाहेरची माणसं या बाजूला वर्षानुवर्षं फिरकली नाहीत. आजही एखाद्या वळणावर आपण एकटेच असतो. निघण्यापूर्वी गावातल्या किंवा नाक्यावरच्या माणसाशी दोन शब्द बोलून घेणं केव्हाही चांगलं.

माझ्या मनातली खरी वाट मात्र तिसरी, दक्षिणेकडची. कामठ्याहून गोंदिया, गोरेगाव, मुरदोलीचं जंगल, कोहमारा, नवेगावबांध आणि तिथून इटियाडोह, गोठणगाव, प्रतापगड. जाऊन-येऊन साधारण 200 किलोमीटर होतात आणि ब्रेव्हेवाल्यांना ती एका दिवसात उरकण्याचा मोह होईल. तो टाळावा. नवेगावबांधला एक रात्र राहावंच.

हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. क्षेत्र सुमारे 11 चौरस किलोमीटर. डोंगरांमधल्या खिंडी मातीच्या बांधाने अडवून केलेलं हे काम आजही पाणी धरून आहे. भोवतालच्या सात शिखरांना सात बहिणी म्हणतात. बांध घालताना या बहिणींनी कोलूला मदत केली अशी कथा आहे, आणि कोलू स्वतः कोलासूर देव होऊन डोंगरावर बसला आहे. इटलीत कोमो सरोवराच्या वरच्या चढावर मॅडोना देल घिसालोचं छोटं देऊळ आहे. 1949 मध्ये पोपनी तिथल्या मॅडोनाला सायकलस्वारांची रक्षक म्हणून जाहीर केलं आणि तेव्हापासून जगभरचे सायकलवाले तो चढ चढून तिथे पोचतात. त्यांच्या सरोवरावर सायकलीची देवी आहे, तर आमच्या तलावावर तलाव बांधणारा माणूसच देव झाला आहे. नवेगावच्या पाळीवर उभं राहून मला दर वेळी याचा अभिमान वाटतो. गोंड राजांच्या काळात, जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, असा रिवाज होता असं सांगतात. त्यातून कोहळी समाजाने या झाडीपट्टीत गावोगाव पाणी उभं केलं. कुठल्या उतारावर पाणी येईल, सांडवा कुठे ठेवायचा, तुडुमातून कोणत्या बांधीला आधी पाणी सोडायचं, हे त्यांनी डोळ्यांनी ठरवलं. सायकलीवर हा उतार पायांना कळतो. चढ संपला आणि पॅडल हलकं झालं की पुढे पाळ येणार, हे काही किलोमीटरनंतर अंगवळणी पडतं.

मारुती चितमपल्ली वन अधिकारी म्हणून इथे राहिले आणि त्यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिलं. जून 2025 मध्ये ते गेले. त्यांचं पुस्तक वाचून या तलावावर आलेली कितीतरी माणसं मला भेटली आहेत. त्यांपैकी ज्यांनी पहाटे गाडी मुक्कामावर ठेवून पायी किंवा सायकलीने काठ धरला, त्यांनाच पुस्तकातलं नवेगाव थोडंफार सापडलं.

नवेगावहून पुढे गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण. पाणी एकदम रुंद होतं आणि पाळीच्या जागी सरकारी भिंत येते. जवळच गोठणगावला 1972 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. धानाच्या शेतांमध्ये वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत प्रार्थनापताका पाहून नवखा सायकलवाला ब्रेकच लावतो. प्रतापगडाच्या डोंगरावर महादेवही आहे आणि दर्गाही. महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते.

आता मुरदोलीविषयी, कारण तिथे मन अडकतं. डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर, मुरदोलीच्या जंगलात, भरधाव मोटारीच्या धडकेने एक तरुण वाघ गेला. एकीकडे वाघ आणायचे आणि दुसरीकडे त्यांच्या वाटेवर ताशी 100 चा वेग मोकळा सोडायचा, हे चालणार नाही. या पट्ट्यात वेग खाली आणला तर वाघ वाचेल, चितळ वाचेल आणि सायकलवालाही वाचेल. सायकलवाल्यानेही इथे शिस्त पाळावी. ऊन वर आल्यावरच जंगलात शिरावं, चारच्या आत बाहेर पडावं, एकट्याने जाऊ नये. प्रकल्पाच्या गेटाच्या आतला रस्ता वन विभागाच्या परवानगीचा, तो आपला मानू नये.

दुसरी काळजी पाण्याची. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे नाव मागे राहिलं. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत. पुष्कळांमध्ये गाळ आहे, काठाला बेशरमाचं तण माजलं आहे, पाळीवर अतिक्रमण आहे. अर्जुनी मोरगावच्या बाजूला भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या बायका-पुरुषांना घेऊन तलावांतली बेशरम काढली, स्थानिक पाणवनस्पती लावल्या, आणि मासळी व पाखरं परत येताना लोकांनी पाहिली. असा जिवंत केलेला तलाव वाटेत लागला तर तिथे थांबावं. हिवाळ्यात काठावर उकडलेले शिंगाडे मिळतात, ते घ्यावेत. ते पैसे थेट तलाव राखणाऱ्यांच्या हातात जातात.

मोसमाचं म्हणाल तर दिवाळीनंतर निघावं. भारी धान कापणीला आलेला असतो, हलक्याच्या बांध्यांत लाखोळी उगवू लागते, गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडारीचा आवाज ऐकू येतो. फेब्रुवारीअखेर पळस फुलतो, तोवर मजेत फिरता येतं. एप्रिलनंतर हट्ट करू नये. आमचं ऊन 44-45 अंशांवर जातं आणि मोकळ्या बांध्यांतून सावली मिळत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय लेख पुरा होत नाही. या रस्त्यांवर रोज सायकल चालवणारी सर्वांत मोठी मंडळी म्हणजे आठवी ते बारावीच्या मुली. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर त्या गावाहून शाळेत जातात, तिघी-चौघी रांगेने, दप्तर कॅरिअरला. पावसाळ्यात डांबर उखडलं की चिखलातून सायकल ढकलतात. धानाचे ट्रॅक्टर आणि रेतीचे टिप्पर सुरू झाले की कडेच्या मातीत उतरून उभ्या राहतात. सायकल पर्यटनाच्या गोष्टी करताना आधी त्यांच्या रस्त्याचा विचार झाला पाहिजे. माझी जिल्हा परिषदेकडे आणि बांधकाम विभागाकडे मागणी साधी आहे. तलावांच्या कडेने जाणाऱ्या गावरस्त्यांची यादी करा. दर वर्षी दिवाळीपूर्वी, मळणी आणि धानवाहतूक सुरू होण्याआधी, त्यांचे खड्डे बुजवा. दोन्ही बाजूंना सायकल उतरवता येईल एवढी मुरमाची कड पक्की करा. प्रत्येक पाळीजवळ तलावाचं नाव आणि पुढच्या गावाचं अंतर लिहिलेली पाटी लावा. आणि शाळा भरायच्या व सुटायच्या वेळी टिप्परना या रस्त्यांवर येऊ देऊ नका.