युद्धाचा हिशेब कोणी मागावयाचा?

युद्ध पुकारावयास एक रात्र पुरते; ते कशाच्या आधारावर पुकारले याचा जाब मिळावयास वर्षेच्या वर्षे लोटतात. २० मार्च २००३ रोजी अमेरिकेने इराकवर चाल केली. इराकजवळ संहारक अस्त्रांचा साठा आहे, हे तिचे मुख्य कारण जगाला सांगण्यात आले होते. तो साठा कधीच सापडला नाही. साप साप म्हणून भुई धोपटावी तसा हा प्रकार झाला. फरक इतकाच की या धोपटण्यात सुमारे साडेचार हजार अमेरिकन सैनिक आणि एक लाखाहून कितीतरी अधिक इराकी नागरिक प्राणांस मुकले. हेरखात्याने राज्यकर्त्यांस चुकीचे सांगितले, की राज्यकर्त्यांनी हेरखात्याचे सांगणे जनतेपुढे फुगवून मांडले, या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यास अमेरिकेच्या सिनेटला सव्वापाच वर्षे लागली. लोकशाहीवर श्रद्धा असणाऱ्या प्रत्येकाने ही कथा नीट समजावून घ्यावी अशा योग्यतेची आहे.

कथेचा आरंभ २००२ च्या ऑक्टोबरमध्ये होतो. युद्धाचा अधिकार मागणारा ठराव विधिमंडळापुढे होता आणि काही सिनेटरांच्या आग्रहावरून हेरखात्यांनी अवघ्या तीन आठवड्यांत इराकविषयी एक गुप्त अहवाल सिद्ध केला. त्यात मतभेद नमूद होते. इराकने मागविलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अणुबाँबसाठी नसून साध्या अग्निबाणांसाठी असाव्यात, असे ऊर्जाखात्याच्या तज्ज्ञांचे म्हणणे होते. आफ्रिकेतून युरेनियम मिळविण्याच्या वार्तेवर परराष्ट्रखात्याच्या गुप्तवार्ता विभागाचा विश्वास नव्हता. फिरत्या जैविक प्रयोगशाळांची कथा तर मुख्यतः जर्मनीत आश्रय घेतलेल्या एका इराकी माणसाच्या शब्दावर उभी होती, आणि जर्मन हेरखात्याच्या ताब्यातील त्या माणसाची अमेरिकन हेरखात्याने युद्धापूर्वी स्वतः जबानी घेतलेली नव्हती. परंतु जनतेसाठी म्हणून जी आवृत्ती छापली तीत या शंकाकुशंका बहुतेक गाळल्या गेल्या आणि निश्चयाचा सूर तेवढा उरला. ज्या उत्तराखाली परीक्षकाने प्रश्नचिन्ह केले होते, ते उत्तर प्रश्नचिन्ह पुसून फळ्यावर लिहावे, तसेच हे झाले.

या आधारावर प्रतिनिधिगृहाने २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी युद्धाचा अधिकार अध्यक्ष बुश यांच्या हाती दिला. सिनेटमधील त्या ७७ मतांत २९ मते प्रतिपक्षाची, म्हणजे डेमोक्रॅटांची होती, हे येथेच ध्यानी ठेवावयास हवे.

अस्त्रे सापडत नाहीत असे दिसू लागताच सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने चौकशी हाती घेतली. ही समिती मुळात १९७६ साली, हेरखात्यांचे गैरव्यवहार उघडकीस आल्यानंतर, त्यांवर लोकप्रतिनिधींचा लगाम असावा म्हणून निर्माण झाली. पक्षीय वृत्तीला तीत वाव मिळू नये यासाठी बहुमतवाल्या पक्षास केवळ एका सभासदाचे आधिक्य देण्यात आले व उपाध्यक्षपद प्रतिपक्षाकडे राहील असे ठरले. रचना अशी विचारपूर्वक केलेली. परंतु रचना कितीही उत्तम असली तरी ती चालविणारी माणसे पक्षाचीच असतात, हा अनुभव अमेरिकेलाही आला.

९ जुलै २००४ रोजी समितीने पहिला अहवाल एकमताने प्रसिद्ध केला. हेरखात्याचे बहुतेक प्रमुख निष्कर्ष एक तर अतिरंजित होते किंवा त्यांना पुराव्याचा आधार नव्हता, असा स्पष्ट निर्णय तीत होता. येथवर सारे ठीक झाले. कारण येथवर आरोपीच्या पिंजऱ्यात अधिकारी होते. राज्यकर्त्यांनी त्या माहितीचा वापर कसा केला, हा खरा अडचणीचा प्रश्न 'दुसऱ्या टप्प्या'वर ढकलण्यात आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक होती. मतदार मतपेटीपाशी गेला तेव्हा नोकरांचा निकाल त्याच्या हाती होता, धन्याचा नव्हता! निवडणूक संपली, बुश पुन्हा निवडून आले, आणि २००५ च्या मार्चमध्ये हे काम मागे पडल्याचे समितीचे रिपब्लिकन अध्यक्ष पॅट रॉबर्ट्स यांनीच सूचित केले.

तेव्हा १ नोव्हेंबर २००५ रोजी डेमोक्रॅटांचे सिनेटमधील नेते हॅरी रीड यांनी एक क्वचितच वापरले जाणारे शस्त्र उपसले. सिनेटच्या एकविसाव्या नियमाप्रमाणे एका सभासदाने मागणी केली आणि दुसऱ्याने तिला अनुमोदन दिले की सभागृहाची दारे बंद करावी लागतात. त्यास बहुमताची गरज नसते. प्रेक्षागार रिकामे झाले, दिवे मंद झाले, आणि सुमारे दोन तास सिनेट बंद दाराआड बसली. बहुमतवाल्या पक्षाचे नेते बिल फ्रिस्ट संतापले. सभागृहाचे अपहरण झाले असा त्यांचा आक्रोश होता. परंतु दारे उघडली तेव्हा दोन्ही पक्षांच्या तीन-तीन सभासदांनी चौकशीच्या प्रगतीचा अहवाल १४ नोव्हेंबरपर्यंत द्यावा, असे ठरलेले होते. जे सव्वा वर्षाच्या विनवण्यांनी साधले नाही, ते दोन तासांच्या बंद दाराने हलू लागले.

यावरून प्रतिपक्ष तेवढा सत्यवादी आणि सत्तापक्ष तेवढा लबाड, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो भाबडेपणाचा ठरेल. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटांच्या समिती-सेवकांचे एक टिपण बाहेर फुटले होते. चौकशीचा राजकीय उपयोग अधिकात अधिक कसा व केव्हा करून घ्यावा, याचे डावपेच त्यात मांडलेले होते. या टिपणाने रिपब्लिकनांच्या हाती आयतेच निमित्त दिले. शिवाय, ज्यांनी युद्धाच्या बाजूने हात वर केला त्यांपैकी कित्येकांनी तो गुप्त अहवाल मुळातून वाचण्याचीही तसदी घेतली नव्हती. समितीचे तत्कालीन अध्यक्ष बॉब ग्रॅहम यांनी तो वाचला आणि विरुद्ध मत दिले, यातच सारे आले. मत देताना न वाचलेला कागद मागाहून प्रतिपक्षावर फेकून मारणे, हा हिशेब मागण्याचा सरळ मार्ग नव्हे.

पुढे २००६ च्या सप्टेंबरमध्ये दुसऱ्या टप्प्याचे दोन भाग निघाले. परंतु अखेरचा व मर्माचा भाग निघावयास सिनेटमधील बहुमत पालटावे लागले. ५ जून २००८ रोजी, जे रॉकफेलर यांच्या अध्यक्षतेखाली, तो १० विरुद्ध ५ मतांनी संमत झाला. दोन रिपब्लिकन सभासदांनी आपला पक्ष सोडून त्यास मत दिले. इराक आणि अल-कायदा यांच्या संगनमताविषयी राज्यकर्त्यांनी केलेल्या विधानांस हेरखात्याच्या माहितीचा आधार नव्हता, असे अहवालाने सांगितले. अस्त्रांविषयीची पुष्कळ विधाने मात्र त्या वेळच्या माहितीला सामान्यतः धरून होती, पण तीतील मतभेद जनतेपासून लपविले गेले, असेही त्याने प्रांजळपणे नमूद केले. अल्पमतवाल्यांनी आपल्या भिन्न मतपत्रिकेत डेमोक्रॅटांचीच जुनी भाषणे उद्धृत केली. रॉकफेलर यांनी स्वतः २००२ साली युद्धाच्या बाजूने मत दिले होते. अशा रीतीने २००४ साली जो निर्णय एकमुखाने उच्चारला गेला, त्याचा उत्तरार्ध दुभंगलेल्या आवाजात आला, आणि दुभंगलेल्या आवाजाचे वजन नेहमीच निम्मे होते.

आमच्या मते यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, चौकशी करावयाची असे एकदा ठरले की तिची मुदतही त्याच दिवशी ठरली पाहिजे; ती अध्यक्षाच्या मर्जीवर आणि निवडणुकीच्या पंचांगावर ठेवता कामा नये. दुसरी, कागद व साक्षीदार बोलाविण्याचा काही अधिकार अल्पमतासही हवा. कारण सरकारच्या कृत्यांची तपासणी सरकारच्याच बहुमताने करावयाची म्हणजे कुंपणालाच शेताच्या नुकसानीचा पंचनामा करावयास सांगणे होय. तिसरी, गुप्त कागदाची उघड आवृत्ती काढताना नावे गाळावीत, स्थळे गाळावीत. परंतु शंका गाळू नयेत.

हा दूर देशाचा तमाशा म्हणून आपण हसावे, अशी मात्र आपली स्थिती नाही. १९६२ साली चीनशी युद्ध चालू असतानाच आपल्या संसदेने त्यावर चर्चा केली, हे खरोखर अभिमानास्पद होय. पण त्या पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल संसदेपुढे आला नाही. २ सप्टेंबर १९६३ रोजी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी त्याचे सार तेवढे सांगितले. हिमालयाच्या हाकेला धावलेल्या सह्याद्रीलाही ती पेटी उघडता आली नाही. अहवालाचा काही भाग २०१४ साली बाहेर आला, तोही एका परदेशी पत्रकाराकरवी. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर नेमलेल्या सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, संसदेपुढे ठेवला गेला, हे त्या मानाने पुढचे पाऊल. तथापि ती समिती सरकारने नेमलेली होती, संसदेची नव्हे. २०११ साली एका खासदाराने आपल्या गुप्तचर संस्थांवर संसदीय देखरेख असावी असे खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

अमेरिकेत निदान भांडण्यास एक समिती होती. तिच्यात कालहरण झाले, कुरघोड्या झाल्या, दारे बंद झाली. तरी शेवटी कागद लोकांसमोर आले. आपल्याकडे भांडण नाही, यावरून एकमत आहे असे समजण्याचे कारण नाही. भांडणासाठी लागणारी जागाच आपण बांधलेली नाही. ती बांधावयाची तर शांततेच्या काळातच बांधली पाहिजे. रणदुंदुभी वाजू लागल्यावर प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज कोणाच्याही कानी जात नाही.